या पाण्यात कोण असायला हवं

पिंपळे सौदागर
२६ नोव्हेंबर २०२३

प्रिय कस्तुरा,

गुरुवारी सकाळी मी तुझ्या घरामागच्या ओढ्यात उभी होते. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात जाळी, डोक्यावर ज्ञानेशची जुनी टोपी. तू गच्चीवर कपडे वाळत घालत होतीस. आधी एक छोटा फ्रॉक, मग कंपनीचा निळा शर्ट, मग तुझी साडी. साडी झटकायची तुझी रीत लांबूनही ओळखू आली. तू खाली बघितलंस, बहुतेक सरकारी माणूस समजलीस, आणि बादली उचलून आत गेलीस. मी हाक मारली नाही.

दारात येऊन उभी राहिले असते तर तुला दार उघडावंच लागलं असतं. पत्राचं तसं नाही, ते न उघडता ठेवून देता येतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला पत्ता विचारला, तर ‘ज्योतीरामभाऊ का?’ म्हणून त्याने गल्लीसकट सांगितला. तुझा जुना नंबर लागत नाही; माझा तोच आहे.

तू आपल्या पुनावळ्याच्या घरातून गेलीस तेव्हा आम्ही नागपूरला होतो. काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानेच कळलं. ज्ञानेश, तुझा नवरा आणि माझा भाऊ, हायवेवरच्या अपघातात गेला, त्याला चार वर्षं झाली होती. ज्योतीरामशी लग्न करते आहे, हे तू आईला समोर बसून सांगितलंस, आणि आई म्हणाली, ह्या उंबऱ्यात परत पाय ठेवायचा न्हाई. तो उंबरा आता राहिलेला नाही, तुला ठाऊक असेलच. तिथे अकरा मजले उभे आहेत. आई माझ्याकडे असते.

ओढ्यात मी काय करत होते ते सांगते, नाहीतर तुला वाटेल पाळतीवर होते. एका कॉलेजच्या नदी प्रकल्पात काम करते. ओढ्यात उभं राहायचं, पायाने दगड ढवळायचे, दगडांखालचे किडे वाहत जाळीत येतात. ते पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून कोण कोण आलंय ते बघायचं. पाणी तपासायला बाटली भरून नेली तर फक्त त्या दिवसाचं पाणी कळतं. किडे मात्र वर्षभर तिथेच राहत असतात, त्यांना सगळं सोसावं लागलेलं असतं.

तुझ्या ओढ्यात लाल अळ्या पुष्कळ. जळवा, गोगलगायी. आणि चतुराचं एक पिल्लू, मातकट, रागीट चेहऱ्याचं. घाण पाण्यात रमणाऱ्यांच्या त्या गर्दीत ते बघून मला फार बरं वाटलं. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझी,
पूनमताई


पिंपळे सौदागर
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय कस्तुरा,

तुझा मेसेज आला तेव्हा मी भाजी घेत होते. ‘ताई त्या पाण्यात पाय घालू नका, खाज सुटते.’ एवढंच. खाली नाव नाही. मेथीची जुडी हातात धरून मी तिथेच हसत उभी राहिले. भाजीवाली म्हणाली, काय ताई, लॉटरी लागली का?

खाज सुटते, खरं आहे. मलम लावते.

तू काही विचारलं नाहीस, तरी सांगते. पुढचं काम मोनिकाचं असतं. मोनिका आमची प्रमुख. पिंपरी कॅम्पातली, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि ओढ्यात उतरली की चप्पल हरवून येणारी. तिने कॉम्प्युटरवर एक मॉडेल केलं आहे. मला ते समजायला वेळ लागला, पण आता इतकं आवडतं की कुणालाही धरून सांगत बसते.

आधी वरच्या मावळातल्या, जिथे काही बिघडलेलं नाही अशा जागा निवडायच्या. तिथे कोणते किडे राहतात ते बघायचं. मग मॉडेलला तुझ्या ओढ्याची फक्त जन्मजात माहिती द्यायची: उंची किती, उतार किती, दगड केवढे, उगम किती लांब. कंपन्यांना बदलता येणार नाहीत अशाच गोष्टी. त्यावरून मॉडेल सांगतं, हे पाणी धड राहिलं असतं तर इथे कोण कोण असायला हवं होतं. खड्यांचं घर बांधणारी अळी असण्याची शक्यता दहात आठ. तीन शेपट्यांचा चपटा किडा, दहात सात. असं. आणि मग आम्ही बघायचं, खरोखर कोण आहे.

असायला हवेत त्यांतले किती आहेत, हाच आकडा. सगळे असतील तर एक. तुझा ओढा अजून मोजायचा आहे.

कस्तुरा, मी पुष्कळ डॉक्टर बघितले. ‘काय आहे’ तेवढंच ते तपासतात. कोण असायला हवं होतं, असं विचारणारी तपासणी मी पहिल्यांदाच बघते आहे.

फ्रॉक कुणाचा ते लिहिलं नाहीस. लिहिलंच पाहिजे असं नाही.

पूनमताई


पिंपळे सौदागर
१६ जून २०२४

प्रिय कस्तुरा,

दिव्या. छान नाव आहे. फोटोत दात दाखवत नाही, मग नक्की एखादा पडलेला असणार.

आणि आता माझी बातमी. एक संस्था पाच ओढे साफ करून द्यायला तयार झाली आहे. गटाराचं पाणी वळवणार, काठावर झाडं लावणार, सगळं. पण त्यांची अट अशी की, असायला हवेत त्यातले निम्मे तरी जीव टिकून असलेलेच ओढे आधी घ्यायचे. त्याहून खालच्या ओढ्यांवर पहिल्या फेरीत खर्च नको. तुझा ओढा निम्म्याच्या किंचित वर आला. त्या चतुराच्या पिल्लाचा हातभार आहे, असं मी सगळ्यांना सांगते. पाचांत तुझा आहे. दिवाळीनंतर काम सुरू होईल.

तू लिहिलंस की ज्योतीरामांनी घरांच्या ओळीतल्या सगळ्यांना सांगितलं, आणि मागच्या खोलीची खिडकी आता उघडता येईल म्हणून तिला रंग द्यायला काढला. ते वाचून मला आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. पण मोनिकाने अहवाल पाठवला आहे, तेव्हा धास्तीचं कारण नाही.

आईला मी शेवटी सांगितलं. म्हणजे ओढ्याचं सांगता सांगता तुझं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. हात थांबले नाहीत. फोडता फोडताच म्हणाली, “पोरगी कुनावर गेलीय?” मी फोटो पुढे केला. चष्मा नाही म्हणाली. चष्मा डोक्यावरच होता.

पूनमताई


पिंपळे सौदागर
३० सप्टेंबर २०२४

प्रिय कस्तुरा,

काल आईला घेऊन तिच्या माहेरी गेले होते, गोधड्या धुवायला. घट बसायच्या आत घरातली चिंधी न् चिंधी वाहत्या पाण्यातून काढायची, हे तिचं तुला माहीत आहे. पुनावळ्याला असताना तुम्ही दोघी पवना नदीवर जायचात. आता तिथे पाणी दिसतच नाही, नुसती जलपर्णी. पहिल्या वर्षी आईने इथेच बाथरूममध्ये धुऊन गॅलरीत टाकल्या, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला, ‘सातव्या मजल्यावरून कोण पाऊस पाडतंय?’ तेव्हापासून दर वर्षी मावळात, मामाच्या गावाच्या ओढ्यावर.

काल ओढा गजबजलेला होता. सगळ्या गावाच्या बायका. सरूमामीने मला बघून टोमणा मारलाच, “पूनम, आज तुझी जाळी न्हाई आनली? का तिचीबी धुनी काढलीस?” सगळ्या हसल्या. मी पण हसले, आणि हसता हसता माझं लक्ष सरूमामीच्या गोधडीखालच्या खडकाकडे गेलं. खडकावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता. आमचा ठिपका. जिथे काही बिघडलेलं नाही म्हणून आम्ही निवडलेली जागा. गेल्या वर्षी तिथले नमुने दुसऱ्या गटाने घेतले होते, मी तेव्हा शहराकडच्या ओढ्यांवर होते. ठिपक्यावरून साबणाचा फेस वाहत होता. वरच्या अंगाला दहा-बारा बायका दगड उलटेपालटे करून आपटत होत्या.

मी पाण्यात बसले आणि एक दगड उचलून उलटा केला. खाली काहीच नव्हतं.

बघ कसं झालं. पाऊस ओसरून पाणी निवळलं की आम्ही नमुने घ्यायला निघतो. गढूळ पाण्यात काही दिसत नाही. आणि निवळलेल्या त्याच पाण्याची गावोगावच्या बायका वाट बघत असतात, कारण गढूळ पाण्यात गोधडी निघत नाही. ओढ्यात उतरायला आम्ही पायवाट बघतो. ती पायवाट धुण्याला जाणाऱ्या बायकांनीच पाडलेली असते. गेल्या वर्षीच्या तारखा मी तिथेच फोनवर काढून बघितल्या. मावळातल्या बहुतेक निरोगी जागा आम्ही नेमक्या पितृपक्षातच मोजल्या होत्या.

किडे मरत नाहीत, बाजूला जातात. पंधरा-वीस दिवसांत परत येतात. पण मॉडेलला ते कुठून कळणार? त्याला वाटलं, चांगल्या ओढ्यातसुद्धा एवढेच असतात. म्हणून त्याने सगळ्यांकडून कमीच अपेक्षा धरली. अपेक्षाच कमी धरली की सगळं बरं दिसतं. तुझा ओढाही.

मी फोन ठेवून दिला. गोधड्या पिळायला बसले.

आणखी एक सांगायचं आहे. निघताना गाठोडी गाडीत टाकली, तर एक कोरडी लागली. जाड, निळ्या काठाची. ज्ञानेशचे शर्ट आणि तुझ्या दोन साड्या लावून आईने शिवलेली, तुमची. मी म्हटलं, ही राहिली वाटतं. आई म्हणाली, “ऱ्हाऊ दे. ती जड हाय. पिळाया दोघी लागत्यात.”

“मी आहे की.”

“तू न्हाई,” आई म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली.

सरूमामीला गाडीमागे एकटीला गाठून विचारलं. मामी म्हणाली, दर वर्षी येते ती गोधडी. येते आणि कोरडीच परत जाते.

पूनमताई


पिंपळे सौदागर
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय कस्तुरा,

हे पत्र लिहायला मी बरेच दिवस घेतले. तुझे दोन मेसेज आले, काम कधी सुरू होणार म्हणून. त्यांना उत्तर दिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहवत नव्हतं.

मोनिकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “ताई, आमच्याकडे गोधड्या लाँड्रीत जातात. मला कसं कळणार?” मी म्हटलं, माझ्या आईच्या गोधड्या मीच गाडीतून नेते, तरी मला कुठे कळलं. अहवाल जाऊन चार महिने झाले होते. पाच ओढे ठरले होते. आम्ही बोललो नसतो तर कुणालाही पत्ता लागला नसता. तिने लॅपटॉप मिटला, चहा मागवला, चहा थंड होऊ दिला आणि लॅपटॉप परत उघडला.

त्या पंधरवड्यात मोजलेल्या जागा बाजूला काढून मॉडेल पुन्हा चालवलं. सगळ्यांचे आकडे खाली आले. चार ओढे तरी निम्म्याच्या वर राहिले. तुझा राहिला नाही. त्याच्या जागी दुसरा कुठलाही बसला नाही, म्हणून आता चारच घेणार आहेत.

तुला मी जूनमध्ये सांगितलं होतं की होणार. ज्योतीरामांनी ओळीत सांगितलं, खिडकी रंगवली. आमच्या घराकडून तुला एकदा दार बंद झालेलं आहे, आणि आता ही दुसरी वेळ. तू चिडलीस तर ते बरोबरच असेल. माझ्याकडे सांगण्यासारखं इतकंच आहे की, आता तुझ्या ओढ्याचं खरं दुखणं कळलं. त्यात किती कमी आहे ते आता नीट दिसतं. आधी तो बरा नव्हता, बरा दिसत होता. संस्थेने दुसरी फेरी ठेवली, तर मी तो आकडा घेऊन तिथे जाईन. ठेवतील की नाही, मला माहीत नाही.

हे सगळं मी आईला जेवताना सांगितलं. म्हटलं, मॉडेल चुकलं, कारण कोण असायला हवं तेच त्याला कमी शिकवलं गेलं. आई म्हणाली, “म्हंजी जे न्हाई त्याची आठवनच ठिवली न्हाई, तर काय कमी पडलं ते कळायचं कसं?” मी हो म्हटलं. मग तिने अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. आई कधी अन्न टाकत नाही, तुला माहीत आहे.

ताटं उचलल्यावर ती आपणहून बोलली. तू लग्नाचं सांगितलंस तेव्हा तिला राग लग्नाचा आला नव्हता, असं म्हणाली. “माझ्या ज्ञानूला वळखनारी घरात आमी दोघीच उरलो व्हतो. ती बी चालली म्हनल्यावर मला काय सुचंना.” एवढंच. तिने तुला निरोप दिलेला नाही. मी हे तिला न विचारता लिहिते आहे.

दिवाळी झाली की आम्ही मावळातल्या जागा पुन्हा मोजणार आहोत. त्याआधी एका रविवारी आईला घेऊन मी ओढ्यावर जाईन. गाडीत ती गोधडी असेल. तू येशील असं मी धरून चालत नाही. नाही, हे खोटं आहे. धरून चालते.

पूनमताई


पिंपळे सौदागर
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय कस्तुरा,

तू ओढ्याविषयी एक अक्षर लिहिलं नाहीस. ‘रविवारी सुट्टी आहे’ एवढंच पाठवलंस, आणि काल सकाळी फाट्यावर बसमधून उतरलीस, कडेवर दिव्या, हातात साबणाचा पुडा. जे तुझ्यासमोर झालं ते लिहीत नाही. तू परत गेल्यावरचं तुला माहीत नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र.

पण एकदोन गोष्टी तुझ्या पाठीमागेही झाल्या, आणि समोर झालेल्या एकदोन लिहिल्याशिवाय राहवत नाही. तू पदर खोचत होतीस तेव्हा सरूमामी आईला म्हणाली, “घट उठलं, दिवाळी झाली, आन् आता कुठली गं गोधडी, गोजाबाई? लोक काय म्हनतील?” आई म्हणाली, “आमची लेट हाय.”

आणि तू पिवळ्या ठिपक्याच्या वर जाऊन बसायला लागलीस, तेव्हा आईने तुला दंडाला धरून खाली आणलं. तुझ्याशी बोललेला तिचा तो पहिला शब्द. “वर न्हाई, कस्तुरे. त्यांची मोजनी हाय.” तू माझ्याकडे बघितलंस आणि मी दुसरीकडे बघितलं, कारण मला हसू आवरत नव्हतं की रडू, ते माझं मलाच कळत नव्हतं. दिव्याने मात्र वरच जाऊन दगड टाकले. तेवढे मॉडेलला चालतील.

पिळताना तू एक टोक धरलंस, आईने दुसरं. तिच्या मनगटात आता जोर नाही. तू तुझ्याकडून जास्त पीळ दिलास आणि तिला कळू दिलं नाहीस, असं तुला वाटलं. तिला कळलं. परत येताना म्हणाली, “लबाड हाय. पैल्यापास्नं.”

आज सकाळी आम्ही जाळ्या घेऊन तिथेच गेलो. ठिपक्याजवळचा दगड मी उलटा केला. खाली खड्यांचं घर बांधणाऱ्या दोन अळ्या, आणि तीन शेपट्यांचे चपटे किडे इतके की मोनिका ट्रे हातात धरून ओरडली आणि तिची एक चप्पल वाहून गेली. परत आलेत सगळे. मॉडेलला आता खरं शिकवता येईल. त्याने तुझ्या ओढ्याचा आकडा आणखी थोडा खाली जाईल, हेही आत्ताच सांगून ठेवते. खिडकीचा रंग मात्र खरवडू नका.

आता मुख्य गोष्ट. आईने गोधडी वाळल्यावर घडी करून तुझ्या पिशवीत घातली, आणि तू खाली वाकून तिच्या पाया पडलीस, निघून गेलीस. घरी आल्यावर मी विचारलं, दिलीस का शेवटी तिची तिला? ज्ञानेशचे शर्ट आहेत त्यात. तुला त्याचं अंगावर घ्यायला काही उरलं नाही.

आई पाय चेपत बसली होती. म्हणाली, “दिली कुठं. पांघराया दिलीय. धुवाया तिनं हितंच आनायची.”

मग चष्मा डोळ्यांवर ओढून तिने माझा फोन मागितला आणि दिव्याचा फोटो मोठा करून बघत बसली.

तेव्हा कस्तुरा, पुढच्या भाद्रपदात पाणी निवळलं की ओढ्यावर तुमची वाट बघितली जाईल. त्या वेळी ठिपक्याच्या खालीच बसायचं.

तुझी,
पूनमताई